प्रकल्प नोंदी: वारुळावरची अळंबी, पावसाळा २०२५

२७ मे
यंदा मॉन्सून परवाच देवगडला येऊन टेकला, काल मुंबईत. आमचं वेळापत्रक जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून आखलेलं, ते आजच फाडलं. दोडामार्गच्या काकांना फोन केला. "रात्री दिव्याक पाखां इली होती," म्हणाले. म्हणजे वाळवीचे पंखवाले बाहेर पडले. तिथून पुढे काही आठवड्यांत अळंबी. परीक्षांचे पेपर तपासायचे अजून बाकी आहेत, पण वाळवी विद्यापीठाचं परिपत्रक वाचत नाही.

दुपारी सूक्ष्मदर्शकं उघडली. एका चाळीसच्या लेन्सवर कडेला बारीक जाळं दिसतंय. बुरशीवर काम करणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत लेन्सला बुरशी धरते, यावर दरवर्षी कोणीतरी विनोद करतं. ओलावा शोषणारं सिलिका जेल सगळं गुलाबी पडलं होतं. ओव्हनमध्ये घालून निळं करून घेतलं. यापुढे लेन्सा डब्यात, डबा कुलपात, किल्ली स.कडे. (स. म्हणजे माझी पीएचडीची विद्यार्थिनी. तिच्या प्रबंधाचा अर्धा भाग या पावसावर अवलंबून आहे.)

९ जून
आंबोलीमार्गे खाली उतरलो. घाटात धुकं, सावंतवाडीत ऊन. काकांच्या काजूच्या बागेत वारुळांना क्रमांक दिले. रंगाने नाही, काकांनी नको म्हटलं. पत्र्याची बारीक पट्टी, तीही मागच्या बाजूला. जागा बाहेर कळायला नको. गावात अळंबीच्या जागा घरच्या घरातसुद्धा कोणी सांगत नाही. काकांच्या वडिलांनी त्यांना दोनच वारुळं दाखवली, बाकीची त्यांनी स्वतः शोधली.

कामाचा गाभा इथे एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे अहवालाच्या वेळी शोधायला नको.

या अळंबीचा वंश (जीनस) टर्मिटोमायसेस. रॉजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये हे वंशनाम स्थापलं. आपल्याकडे ओडोन्टोटर्मिस गटातल्या वाळव्या ती जमिनीखाली पिकवतात. कामकरी वाळव्या पालापाचोळा, लाकूड खातात, त्यांची विष्ठा रचून पोळं करतात, त्या पोळ्यावर बुरशी वाढते. बुरशी लाकडातलं कठीण लिग्निन फोडते आणि पोळ्यावर पांढरे दाणे धरते. वाळव्या ते दाणे खातात, त्यातले बीजाणू पोटातून तसेच पार होऊन नव्या पोळ्यात पडतात. ही शेती आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असं जनुकीय अभ्यास सांगतात.

आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे: कुठली बुरशी कुठल्या वाळवीकडे जाते. पंखवाली जोडपी उडून नवं घर मांडतात तेव्हा बहुतेक जातींमध्ये बुरशी बरोबर नेत नाहीत. नव्या वारुळातल्या पहिल्या कामकऱ्यांना ती बाहेरून, मातीत पडलेल्या बीजाणूंमधून गोळा करावी लागते. हे कामकरी तयार व्हायला आणि अळंबी उमलायला एकच वेळ येते. म्हणजे बीजाणू मातीत पडायला अळंबी उमलली पाहिजे. आणि बाजारात भाव आहे तो कळीला.

१८ जून
अ‍ॅटोक्लेव्हचं रबर गेलंय. १२१ अंशांवर पंधरा मिनिटं धरायची तर दाब टिकत नाही. नवीन गॅस्केट सरकारी पोर्टलवरून मागवायचं, म्हणजे तीन कोटेशनं. तोवर शेजारच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचा वापरतोय, त्यांच्या प्रयोगशाळा सहायकांना चहा.

फोनवर फोटो यायला सुरुवात झाली. दरवर्षीचं आहे हे. "मॅडम, हे खायचं का?" फोटोत बहुतेकदा वरून टोपी तेवढी दिसते, तीही अंगठ्याखाली. आजचा मात्र गंभीर होता. एका सोसायटीच्या हिरवळीवर ताटाएवढ्या पांढऱ्या छत्र्या, वर तपकिरी खवले, देठावर सरकणारं कडं. घरी भाजी झाली होती, दोघांनी थोडी खाल्ली होती. खालची बाजू दाखवा म्हटलं. टोपीखालच्या पट्ट्यांवर हिरवट झाक आली होती. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. ही तासा-तीन तासांत उलट्या-जुलाब आणते. लगेच दवाखान्यात जा, उरलेली अळंबी कागदी पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, प्लॅस्टिकमध्ये नको, सडते. संध्याकाळी कळलं की सलाइन लावलंय, बरे आहेत.

अशा वेळी घरचे लोक "लसूण घालून पाहिला, काळा पडला नाही" हे हमखास सांगतात. लसूण, चांदीचं नाणं, भात यातलं काहीही विष ओळखत नाही. आणि उलट्या लवकर सुरू झाल्या तर एकवेळ बरं. सहा-आठ तासांनी, रात्र उलटल्यावर सुरू झाल्या तर मला जास्त भीती वाटते, कारण यकृत खाणारी अमॅनिटा अळंब्यांची विषं अशीच उशिरा बोलतात. हे सगळं विभागाच्या दारावर लावायचं म्हणते आहे. गेल्या वर्षीही म्हणत होते.

४ जुलै
काकांचा फोटो आला: बांधावर शेकडो बारीक पांढऱ्या छत्र्या, नखाएवढ्या. टर्मिटोमायसेस मायक्रोकार्पस. हिला खाली लांब मूळ नसतं, कारण वाळव्याच पोळ्याचा चुरा वर आणून मातीवर पसरतात आणि ती त्यावर उगवते. आम्हाला हवी ती ही नव्हे, पण नमुना ठेवा म्हटलं. काकी म्हणाल्या, ठेवलाय, निम्मा भाजीत.

एमएस्सीचं प्रात्यक्षिक घेतलं. ब्रेडवरची बुरशी, रायझोपस. एका मुलाने विचारलं, कोविडनंतरची "काळी बुरशी" ती हीच का? होय, म्युकरमायकोसिस करणाऱ्यांत रायझोपस सगळ्यात पुढे, आणि "काळी" हे नाव रुग्णाच्या मेलेल्या, काळ्या पडलेल्या ऊतीवरून. वर्ग अचानक जागा झाला. २०२१ मध्ये ही मुलं बारावीत होती. दोघांच्या घरात कोणाला तरी झालेला होता. मग काचपट्टी बाजूला ठेवून तासभर तेच बोललो.

१३ जुलै
मिळाली. वारूळ क्रमांक सातच्या पायथ्याशी, काजूच्या पाचोळ्यातून तीन टोकं वर. पाऊस रात्रभर पडून पहाटे थांबला होता.

ही खणणी सविस्तर लिहिते, कारण लेखात चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळणार नाही.

कळीचं टोक बोटाने दाबलं तर कडक लागतं. बाकी टोपी मऊ, पण मधला हा उंचवटा जवळजवळ शिंगासारखा टणक. यानेच ती जांभ्याची माती फोडून वर येते. देठ मातीत शिरतो तिथे संपत नाही. काकांनी पहार बाजूला ठेवायला लावली, खुरपं आणि हात. एक वीत खाली देठ जाडसर, मग बोटाएवढा, मग पेन्सिलीएवढा, रंग पांढऱ्याचा मळकट तपकिरी. मध्येच एका जांभ्याच्या दगडाला वळसा घालून गेलेला. कोपरापर्यंत हात खड्ड्यात गेल्यावर माती एकदम पोकळ लागली. पोकळीत पोळं: अक्रोडाच्या गरासारख्या वळ्या, हातात घेतलं तर गरम नाही पण बाहेरच्या मातीपेक्षा स्पष्ट उबदार, आणि वळ्यांवर मोहरीपेक्षा बारीक पांढरे दाणे. मूळ त्या पोळ्यातूनच निघालं होतं, वेगळं करताच येईना. सैनिक वाळवी बोटाला डसली. तिला तशीच नव्वद टक्क्यांहून जास्त अल्कोहोलमध्ये टाकली. डाव्या जबड्यावर एक दात, म्हणजे ओडोन्टोटर्मिस. पुढची ओळख प्रयोगशाळेत.

पोळ्याचा लहान तुकडा घेतला, बाकीचं होतं तसं झाकलं. काका खड्डा बुजवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुळापर्यंत गेलास तर पुढल्या वर्षाक थंय कोण येतला?" एका नमुन्यापुरतं, असं मी म्हटलं. पटलं नसावं. मलाही पूर्ण पटलेलं नाही. पण मुळाशिवाय आणि पोळ्याशिवाय नमुना घेतला तर कुठली बुरशी कुठल्या वाळवीकडे, हे सांगता येत नाही, आणि तोच तर प्रकल्प आहे.

रात्री, काकांची पडवी. एक उमललेली टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर उपडी, वर वाटी. सकाळी फिक्या गुलाबी रेषा दोन्हीकडे. बाकी नमुने पंचेचाळीस अंशांच्या ड्रायरवर. वीज दोनदा गेली, मग चुलीच्या वर शिंकाळ्यात. काकींनी एरवी तिथे सुके बांगडे टांगलेले असतात. नमुन्यांना वास लागला असेल तर लागला.

१६ जुलै
बीजाणू पाहिले. लंबगोल, पातळ भिंतीचे, आयोडिनच्या मेल्झर द्रावणात निळे होत नाहीत. ठीक. अळंबीच्या ऊतीपासून बटाटा-अगारवर (बुरशी वाढवायच्या माध्यमावर) लावलेल्या प्लेट्सपैकी बऱ्याच ट्रायकोडर्मा या आगंतुक बुरशीने रातोरात हिरव्या करून टाकल्या. टर्मिटोमायसेस अगदी सावकाश वाढते, तिला घाई नाही आणि ट्रायकोडर्माला दुसरं काही येत नाही. हिची धिंगरीसारखी शेतीही कोणाला जमलेली नाही: बुरशी प्लेटमध्ये जगते, पण वाळवीशिवाय धंद्याला परवडेल अशी अळंबी धरत नाही. उरलेल्या प्लेट्स वेगळ्या कपाटात.

२९ जुलै
नागपंचमी. रजा टाकून आले, कारण काकांनी क्रमांक बारावर कळ्या असल्याचं सांगितलं होतं. पोचल्यावर लक्षात आलं की आज इथे कोणी माती खणत नाही, विळी-कोयतीसुद्धा उचलत नाही. "आज खणूचा नाय बाई. आज त्येंचो दिवस." वारुळापाशी दूध, लाह्या, हळदकुंकू. मी मोजपट्टी आणि वही घेऊन बाजूला बसले. कळ्या, अर्धवट उमललेल्या, उमललेल्या अशी मोजणी केली, तापमान घेतलं, एकाही नमुन्याला हात लावला नाही. खरं तर न खणता केलेली ही या मोसमातली सगळ्यात पूर्ण मोजणी आहे. पुढच्या वर्षी तक्त्यात ही तारीख मुद्दाम "फक्त निरीक्षण" म्हणून टाकायची.

१० ऑगस्ट
श्रावण चालू, मासे बऱ्याच घरांत बंद, त्यामुळे अळंबीला मागणी. सावंतवाडीच्या रस्त्यावर पानात गुंडाळलेले वाटे. विकणाऱ्या बायकांपैकी एकीशी बराच वेळ बोलले. कळीचा वाटा उमललेल्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीला जातो. उमललेली दुपारपर्यंत मऊ पडते, टोपीची कड फाटते, गिऱ्हाईक हात लावत नाही.

मग मी माझं नेहमीचं सांगितलं, की प्रत्येक वारुळावर दोन-तीन उमलू द्या. बाईंनी ऐकून घेतलं. "मी सोडीन, मागनं येतलो तो काढून नेतलो. मगे माझा काय?" याला माझ्याकडे उत्तर नाही. जागा सामायिक असेल तर सोडणारा फक्त तोट्यात जातो. काकांच्या बागेत सोडणं शक्य आहे कारण बाग त्यांची आहे.

परतताना गाडीत हिशेब मांडला: सोडलेल्या कळ्यांची किंमत प्रकल्पातून दिली तर? स. हसली. आकस्मिक खर्चाच्या शीर्षाखाली जीएसटी बिलाशिवाय पैसे निघत नाहीत, आणि न तोडलेल्या अळंबीचं बिल कोण देणार.

११ ऑगस्ट
काकींनी नमुन्यांचे तीन ढीग केले होते, मी विचारण्याआधीच. एक "लवकर शिजणारा", एक "दोऱ्या निघणारा" (देठ सोलला की लांब धागे), एक "भटाचा", का ते त्यांनाही सांगता येईना. प्रत्येक ढिगाचा वेगळा क्रमांक देऊन ठेवला. डीएनएचा निकाल येईपर्यंत स.ला सांगितलंय की ढीग कुठला हे पाकिटाच्या आत लिहायचं, बाहेर नाही. आपण बघितलं की आपल्याला तसंच दिसायला लागतं.

२० ऑगस्ट
सीटॅब या रसायनाने डीएनए काढला. वाळलेल्या टोपीतून चांगला आला, पोळ्यातून तपकिरी पाणी. मातीतली ह्युमिक आम्लं पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढणं) बंद पाडतात. दहापट पातळ केल्यावर पट्टा दिसला. आयटीएस या डीएनएच्या तुकड्यासाठी नेहमीची प्रायमर जोडी. बुरशींचा अधिकृत बारकोड म्हणून हा तुकडा २०१२ मध्ये सुचवला गेला, तेव्हापासून त्याच्याशिवाय लेख कोणी घेत नाही. टर्मिटोमायसेससाठी तो एकटा पुरत नाही, म्हणून एलएसयू (रायबोसोमच्या मोठ्या उपघटकाचं जनुक) आणि मायटोकाँड्रियातल्या लहान उपघटकाचं जनुकही करतोय.

पीसीआरचं विकर, टॅक पॉलिमरेज, संपत आलंय. पुरवठादार "सोमवारी" म्हणतो. कुठला सोमवार ते सांगत नाही.

२६ ऑगस्ट
उद्या गणपती. विभाग बंद, फ्रीझर चालू. जनरेटरमध्ये डिझेल आहे का हे स्वतः जाऊन बघितलं.

११ सप्टेंबर
डीएनएचे अक्षरक्रम आले. काही आयटीएस वाचता येत नाहीत, आलेखात शिखरांवर शिखरं चढलीत. अळंबीच्या पेशीत दोन वेगळ्या प्रकारची केंद्रकं असतात, आणि दोघांच्या तुकड्यांची लांबी एका अक्षराने जरी वेगळी असली तरी तिथून पुढे सगळं दुहेरी दिसतं. त्यांना क्लोन करून वेगळं वाचावं लागेल.

जे वाचता आले ते वंशवृक्षाच्या दोन फांद्यांवर बसले. एक फांदी टर्मिटोमायसेस हायमीआय, के. नटराजन यांनी १९७९ मध्ये दक्षिण भारतातून वर्णन केलेली. दुसरी तिच्या शेजारी, पण बाहेर. जेनबँक या क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात हायमीआय या नावाखाली वेगवेगळ्या ठिकाणी बसणारे क्रम आहेत, त्यामुळे नावावर भिस्त ठेवून चालत नाही. ज्यावरून नाव दिलं त्या मूळ नमुन्याशी ताडायला हवं.

पाकिटं उघडली. काकींचे तीन ढीग आणि आमच्या दोन फांद्या जुळत नाहीत. "दोऱ्या निघणारा" ढीग पूर्ण एका फांदीवर, तो एकच. "लवकर शिजणारा" दोन्हीकडे विखुरलेला. बहुधा तो वयाचा ढीग आहे, जातीचा नाही. "भटाचा" या ढिगात एकच नमुना वाचता आला. स.ला वाईट वाटलं. तिला वाटत होतं, लोकज्ञान आणि डीएनए हातात हात घालून येतील आणि प्रबंधाचं चौथं प्रकरण आपोआप लिहून होईल. मला हे जास्त आवडलं. काकींची विभागणी चुलीसाठी आहे, आमची वंशावळीसाठी. त्यातली एक रेघ दोन्हीकडे सारखी पडली, आणि ती देठाच्या धाग्यांवरून पडली हे महत्त्वाचं, कारण धागे शेतात भिंगाशिवाय तपासता येतात. पुढच्या पावसात नमुने कळी, अर्धी, उमललेली असे वयाने वेगळे करून मगच काकींसमोर मांडायचे.

२५ सप्टेंबर
जनसंपर्क विभागाकडून निरोप: "नवीन प्रजाती सापडली असल्यास प्रसिद्धीपत्रक द्यावे." नाही दिलं. एका बागेतले मोजके नमुने, तीनपैकी दोनच जनुकं पूर्ण. नाव द्यायचं तर वर्णन, ठेवलेला मूळ नमुना आणि मायकोबँकसारख्या नोंदणीचा क्रमांक लागतो. २०१३ पासून त्या क्रमांकाशिवाय बुरशीचं नवं नाव ग्राह्य धरत नाहीत. शिवाय बातमीत जागेचं नाव छापून आलं, की पुढच्या जूनमध्ये काजूच्या बागेत किती गाड्या लागतील याचा अंदाज आहे.

९ ऑक्टोबर
नमुने पुण्याला आघारकर संस्थेतल्या आजरेकर बुरशी-संग्रहात द्यायचे, म्हणून लेबलं लिहायला बसलो. लेबलावर अक्षांश-रेखांश लागतात. जीपीएसने दिलेले सहा दशांश माझ्या वहीत आहेत, म्हणजे वारूळ नेमकं कुठलं ते. तेच आकडे लेखात गेले, तर काकांच्या वडिलांनी मुलाला न दाखवलेली जागासुद्धा कोणाच्याही फोनवर उघडेल.

स.चं म्हणणं असं की पुढचा अभ्यासक त्याच वारुळापाशी जाऊ शकला नाही तर काम पडताळणार कसं. बरोबर आहे तिचं. दुपारभर वाद झाला, तिच्या बाजूने मीही काही वेळ बोलले. शेवटी ठरलं ते असं: लेबलावर आणि लेखात तालुका, उंची, अधिवास, आणि अक्षांश-रेखांश एकाच दशांशापर्यंत, म्हणजे साधारण ११ किलोमीटरचा चौकोन. नेमके आकडे बंद पाकिटात, एक प्रत माझ्याकडे, एक काकांकडे. कोणाला वारूळ बघायचं असेल तर काकांना विचारायचं. ते नाही म्हणाले तर नाही. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत काय लिहायचं हेही त्यांनी आणि गावाच्या जैवविविधता समितीने ठरवायचं. परीक्षक यावर कुरकुर करणार. करू देत.

काकांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, पाकीट इकडे नको, घरात पाहुणे येतात, तुमच्याकडेच ठेवा दोन्ही.

१३ ऑक्टोबर
उपयोगिता प्रमाणपत्र वित्त विभागात दिलं. परत आलं: प्रवासखर्चाच्या यादीत २९ जुलैला "नमुने गोळा केले" असं नाही, मग प्रवास कशासाठी? "नागपंचमी असल्याने निरीक्षण" असं लिहून दिलंय. गॅस्केट आलं, दोन सेंटिमीटरने लहान.